शत्रूची भाषा

इराणच्या राजाशी झालेल्या युद्धाचा इतिहास लिहायला मी समुद्रापलीकडून अथेन्सला आलो होतो. बंदरावरच्या गुत्त्यात म्हातारा थ्रासॉन भेटला. त्याच युद्धातल्या सलामिसच्या समुद्री लढाईत त्यानं वल्हं मारलं होतं. त्याच्यापुढे दारू ठेवून मी विचारलं, "आजोबा, शत्रूचं जहाज फुटल्यावर पाण्यातल्या माणसांचं काय केलंत?"

"वल्ह्यानं डोकी फोडली, दुसरं काय! राजानं तुमच्या त्या पलीकडच्या किनाऱ्यावरून धरून आणलेले रानटी खलाशी ते. धड बोलता येईना मेल्यांना. नुसतं बर-बर, बर-बर!"

गुत्ता हसला. म्हाताऱ्याला चेव आला.

"एकानं तर माझं वल्हंच धरलं. मारलं तरी सोडेना. आणि सारखा ओरडतोय काय, तर 'इम्ब्रास! इम्ब्रास!'" डोळे फिरवून, गटांगळ्या खात त्यानं नक्कल केली. लोक पोट धरून हसायला लागले. "बोटं ठेचली तेव्हा कुठे सुटलं वल्हं. पाहुण्या, तुला तिकडची भाषा येते ना? शिवी होती का रे ती?"

"नाही, आजोबा," मी म्हणालो. "बाबा मला त्या नावानं हाक मारायचे."