दहाव्याचा फलक

"हा हात काढायचा," सर्जेराव म्हणाले. "पोरीला धक्का लागायला नको."

पडद्यावर प्रेरणा हसत होती. गळ्यात गुलाबाचा ताजा हार, कपाळावर घामाचे थेंब. फोटो सर्जेरावांनी मोबाइलवरच कापून आणला होता, तरी डाव्या खांद्यावर कुणाची तरी चार बोटं राहून गेली होती.

संध्याने खुर्ची जवळ ओढली. "घाई नाही करायची, काका. फोटो मोठा करा. अजून. आता कडेकडेनं एकेक बिंदू टाकत जा. वळणावर जवळजवळ, सरळ आहे तिथं लांब."

"सरकी लावल्यागत."

"तसंच."

ते वाकून बसले. तुळतुळीत केलेलं डोकं पडद्याच्या उजेडात पांढरं दिसत होतं. शेजारच्या मशीनवर लग्नपत्रिकेचा सराव करणाऱ्या राजनंदिनीने पहिल्या दिवशी त्यांची फिरकी घेतली होती. "आबा, माऊस टेबलावर ठेवा. हवेत नाही चालत तो."

"आमचे बैल पण जमिनीवरच चालतेत, बाई," ते म्हणाले होते, आणि सगळा क्लास हसला होता. ते कशासाठी आलेत हे कळल्यावर मात्र राजनंदिनी त्यांच्यासाठी रोज चहा आणू लागली.

औरंगपुऱ्यातला हा क्लास संध्याच्या वडिलांनी काढलेला. गेल्या दिवाळीत ते गेले. त्या दिवसांत तिला मशीनसमोर बसवेना, म्हणून गल्लीतल्या मंडळाने फलक करून आणला. त्यावर वडिलांचा चेहरा आडवा ताणला गेला होता. फोटो चौकटीत बसेना म्हणून कुणीतरी नुसता ओढला असणार. ज्या माणसाने शंभर पोरांना फोटो ताणू नका म्हणून शिकवलं, तो कोपऱ्यावर तसाच रुंद होऊन लटकत राहिला, आणि ती त्याच्या खालून ये-जा करत राहिली.

म्हणून सर्जेराव दारात येऊन म्हणाले, "ताई, नुसता बनवून नका देऊ. मला शिकवा. पोरीचं शेवटचं काम आहे, ते बापाच्याच हातनं व्हावं," तेव्हा तिने दुसरं काही विचारलंच नाही.

"सिल्लोडला नाही झालं काम?" एवढंच.

"तिथल्या दुकानदारानं दाखला मागितला." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बापाला दाखला मागतेत, ताई."

संध्याला त्या दुकानदाराचा राग आला. खरं तर वडिलांचाही तोच नियम होता. दुःखात माणसं तारखा चुकवतात, म्हणून श्रद्धांजलीच्या कामाला मृत्यूच्या दाखल्याची प्रत घ्यायचीच. तिने ती मागितली नाही.

खांद्यावरची बोटं गेली. मग सर्जेरावांनी गुलाबाच्या हाराकडे बोट दाखवलं. "हे पण काढायचं."

"छान दिसतोय की. कुठं सत्कार होता का?"

"तसाच म्हणा."

हार काढणं सोपं नव्हतं. खालची साडी पाकळ्यांआड गेली होती. संध्याने त्यांना पदराचा तुकडा उचलून जागोजाग बसवायला शिकवलं. बिंदू भलतीकडे पडायचा, ते मागं येऊन पुन्हा टाकायचे. एवढ्या वर्षांत इतक्या निगुतीने फोटो कापणारा विद्यार्थी तिने पाहिला नव्हता. मोकळ्या झालेल्या गळ्यावर त्यांनी चंदनाचा हार बसवला, आणि त्याची सावलीसुद्धा पाडून घेतली.

"आजारी होती का हो?" संध्याने हळूच विचारलं.

"नाय. चांगली नोकरीला होती." ते पडद्याकडेच बघत होते. "आम्हाला कायबी कळू दिलं नाय. कळलं तवा सगळं होऊन गेल्यालं."

"आणि तिची आई?"

"मनकर्णा? पडून राहती. मीच म्हणलं, बये, दहावा एकदा नीट होऊ दे, मग मोकळी होशील."

मजकूर त्यांनी एका बोटाने टाइप केला. जन्मतारीख पटकन झाली. मृत्यूच्या तारखेला बोट थोडं थांबलं, मग आकडे पडले. फोटोच्या खालच्या कोपऱ्यात मोबाइलने छापलेली तारीखही तीच होती. त्याच दिवशी इतकी हसत होती पोरगी. परत येताना रस्त्यात काही झालं असेल. संध्याचे वडीलही गेले त्या सकाळी चहात साखर कमी म्हणून कुरकुरले होते.

"तेवढी तारीख पुसायची कशी, ते दाखवा," सर्जेराव म्हणाले.

तिने दाखवलं.

दोन प्रती छापून आल्या तेव्हा शाईचा वास अजून ताजा होता. एक गावासाठी. क्लासच्या लांब टेबलावर सर्जेरावांनी दुसरी उलगडली आणि चारही कडांवरून हात फिरवला. चेहरा कुठंही ताणलेला नव्हता. रंग जसेच्या तसे उतरले होते. खाली शोकाकुल म्हणून आई-वडिलांची, भावकीची नावं एका रेषेत. वडील गेल्यापासून पहिल्यांदाच संध्याला वाटलं, की आपल्या हातून एक काम नीट पार पडलं.

"लई चांगलं शिकवलं तुम्ही, ताई," सर्जेराव म्हणाले. "लेकीगत शिकवलं."

डोळे पुसून तिने फलक लावणाऱ्या कडूबाला फोन लावला. तो म्हणाला, शिडी गाडीवरच आहे, पत्ता सांगा.

"काका, हा दुसरा कुठं लावायचा? नातेवाइकांकडे?"

"शेंद्र्याला. कंपन्यांच्या मागं भाड्याच्या खोल्या हायेत, तिथं शेवटच्या खोलीसमोर इजेचा खांब हाय." सर्जेरावांनी फलक गुंडाळून दोरी बांधली आणि टोपी डोक्यावर नीट बसवली. "रातच्यालाच लावायला सांगा त्याला. पोरगी सकाळच्या पाळीला निघती, दार उघडलं की तिला समोर दिसलं पाहिजे."