दगडातला दुष्काळ

"मॅडम, मी कापू का?" प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्याने हळूच विचारलं.

"नको," शर्वाणी म्हणाली आणि तिने करवत सुरू केली.

गुहेच्या छतातून ठिबकणाऱ्या पाण्यातला चुना साचून वाढलेला तो लवणस्तंभ तिच्या नवऱ्याने, देवव्रतने, मेघालयातल्या एका गुहेत शोधला होता. दोराने दगड वर आला. मागून देवव्रत यायचा होता, तेवढ्यात गुहेत पाण्याचा लोंढा शिरला. मग त्याचा देहही दोरानेच वर काढावा लागला. शर्वाणी रडली नाही. पावसाळा सरल्यावर ती कामावर रुजू झाली. डबा खायची, वेळेवर घरी जायची.

दगडाच्या आत झाडाच्या खोडासारखे थर होते. पुढचे काही आठवडे एकेका थराची भुकटी कोरून ती कुठल्या काळात किती पाऊस पडला ते तपासत राहिली. हजारो वर्षांपूर्वीचा एक लांबलचक दुष्काळ त्यात स्पष्ट दिसला. तो असणारच, असं देवव्रत म्हणायचा; इतर कुणाला ते पटलं नव्हतं. आता सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. तिला काहीच वाटलं नाही.

संध्याकाळी कुडाळहून सासऱ्यांचा फोन आला.

"तो शोधत होता ते सापडलं का गं?"

"सापडलं, बाबा. त्याचंच बरोबर होतं."

"बरं झालं," ते म्हणाले. "नाहीतर पुन्हा जायचा हट्ट धरला असता त्याने."

आपण काय बोलून गेलो ते म्हाताऱ्याच्या लक्षात आलं.

"हो बाबा," शर्वाणी म्हणाली, "धरलाच असता," आणि तिला रडू फुटलं.