अठराशे सहामधली ऊब

"खोली रिकामी असली तरी दार वाजवायचं, पोरी. आत कुणी नाही, हे आपण कोण ठरवणार?" युएछिन चीनमधल्या चेंगदूच्या या हॉटेलात साफसफाईला लागली, त्या दिवशी तिथल्या जुन्या सफाईवाल्या गेंगमावशींनी तिला बजावलं होतं.

म्हणून तिने १८०६चं दार तीनदा वाजवलं. खोलीत चार दिवस कुणी उतरलं नव्हतं, तरी आजही पलंगावर कुणी झोपून उठावं तसा खळगा पडला होता. तिने हात ठेवला. ऊब होती.

रोज ती चादर ताणून निमूट निघून जाई. आज तिकडे इस्पितळात आईच्या हृदयाचं ऑपरेशन चाललं होतं, पाय निघेना. हात जोडून ती पुटपुटली, "कुणी असाल ते, एकटं वाटतंय ना? माझ्या आईला सांभाळा. मी घटकाभर तुमच्या सोबतीला बसेन."

खिशातला फोन थरथरला. धाकटा भाऊ होता.

"ताई, धोका टळला! आईनं डोळे उघडले आणि पहिलं काय म्हणाली, तर आधी तुझे ते वाढलेले केस काप!"

"मग बरी आहे की," युएछिन रडता रडता हसली. ऊर हलका झाला.

फोन ठेवून तिने पाहिलं. खळगा भिंतीकडे सरकला होता, शेजारी एका माणसापुरती जागा सोडून.

तिने दार आतून लोटलं, कापडी बूट काढले आणि हळूच पलंगाकडे निघाली.