अठरा पावलं

लातूर नवा जिल्हा झाला आणि दोन-तीन वर्षांतच असा दुष्काळ पडला, की टँकरमागं माणसं पळायची. अशात कचेरीतला कुणी साहेब निजामाच्या काळातल्या जुन्या घरांची यादी करायला येणार, हे कळल्याबरोबर किशनरावांच्या मनात पाल चुकचुकली. यादीचं नुसतं निमित्त, सरकारचा डोळा आपल्या घरातल्या आडावर! एकदा कागदावर चढला की उद्या सगळी गल्ली घागरी घेऊन आत. त्यांनी रातोरात आडावर फळ्या टाकल्या आणि वर ज्वारीच्या पोत्यांची थप्पी लावली.

साहेबानं आल्या आल्या पाणी मागितलं.

"टँकरच आला न्हाई साहेब, घरात थेंब न्हाई," किशनराव म्हणाले.

टेप खिशातच ठेवून साहेब उंबऱ्यापासून तोंडातल्या तोंडात पावलं मोजत निघाला आणि अठराव्या पावलाला बरोबर थप्पीपुढं थांबला. कुणीतरी चुगली केली, किशनरावांची खात्रीच पटली.

"इथं आड हाय ना, मालक?"

"छे! आमच्या घरात आड कधी नव्हताच."

साहेबानं वही मिटली.

"बरं, लिहीत न्हाई. पण माझ्या आज्यानं खणलाय तो. पाणी निवळलं तसं, आड बाटंल म्हणून आज्याला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेतलं न्हाई. मरेस्तोवर एकच इचारायचा...

गोड हाय का मचूळ?"