शून्य जोखीम

हेमलता खरातांनी सुजलेली बोटं टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाईंनी ती पाहिली, मग संगणकाचा पडदा पाहिला आणि पडद्यावर विश्वास ठेवला.

"तुम्हाला संधिवात नाही. तुमच्या जनुकगटात त्याची जोखीम शून्य आहे."

"सकाळी मूठ वळत नाही हो. वेणीसुद्धा हे घालतात."

"ते दिसतंच आहे," वाकड्या वेणीकडे बघत बाई म्हणाल्या.

"हे शून्य काढलं कुणी?" नवऱ्यानं, दिनकररावांनी विचारलं.

"यांच्या गटातलं कुणी तपासलंच नव्हतं. त्यामुळे रोगी एकही सापडला नाही."

"आणि औषधावाचून बोटं कायमची वाकडी झाली तर?"

"औषध जोखमीच्या गटांनाच मिळतं. दिनकरराव, तुमचा गट आहे त्यात. बाही वर करा."

"पण मला काहीच होत नाहीये."

"होऊ नये म्हणूनच."

"मग माझं इंजेक्शन हिला द्या."

"यंत्र आधी रक्त ओळखतं, मगच सुई सोडतं."

सुई टोचली गेली. हेमलताबाईंना निरोगी असल्याचा दाखला मिळाला. तो त्यांना धरता येईना, म्हणून दिनकररावांनी खिशात ठेवला. दाराशी वाकून त्यांनी बायकोच्या चपलेचा पट्टा लावला. त्यांच्या बोटांना आता आयुष्यभर धोका नव्हता.