बनायला टाकलाय

व्हीआर गेमचा हेडसेट डोळ्यांवर चढवून श्रेया हडको कॉलनीतल्या साहेबरावांच्या छोट्या हॉलमध्ये उभी राहिली आणि दोन मिनिटांत वैतागली.

"काका, हा बिघडलाय. सगळं धुरकट दिसतंय. डोळे ओढल्यासारखे होतायत."

"नवाच आहे," साहेबराव म्हणाले. "दिवाळीत घेतला पोरानं."

"मग त्याला विचारा ना, काय सेटिंग करून ठेवलीय. फोन लावा."

मंजुषाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं.

"पुण्याला असतो तो," साहेबराव म्हणाले. "कामात असंल आता."

त्यांच्या पोराला, इंद्रजीतला जाऊन सव्वा महिना झाला होता. पैठण रोडवर अंधारात उसाची ट्रॉली उभी होती, मागं लाल दिवा नाही, काही नाही. त्याला ती दिसलीच नाही. गाडी सरळ जाऊन घुसली. जुना हेडसेट विकायची जाहिरात बघून आलेल्या पोरीला हे कशाला सांगायचं?

श्रेयानं हेडसेट काढला, उलटा करून आत डोकावली आणि हसायलाच लागली.

"अय्यो! काका, ह्यात तर नंबर बसवलाय!"

तिनं नखानं आतली एक काच उचकली. टक्. मग दुसरी.

"ह्याच्या आत चष्मा मावत नाही ना. मावला तरी काचा घासतात. मग लोक आपल्या नंबरच्या अशा काचा करून घेतात. बापरे, केवढ्या जाड! किती नंबर आहे दादाचा?"

"साडेसहा," मंजुषाबाई म्हणाल्या. "पाच होता आधी. लई भराभर वाढला."

"मग ह्या तुम्हीच ठेवा. ज्याच्या त्यालाच चालतात ह्या."

तिनं दोन्ही काचा मंजुषाबाईंच्या तळहातावर ठेवल्या. कानांवर हेडफोन घातले, हेडसेट परत चढवला.

"आत्ता! एकदम क्लिअर!"

आणि ती गेली तिच्या दुनियेत. ह्या दोघांना विसरूनच गेली.

साहेबराव काचांकडं बघत राहिले.

"चष्म्याला दिले होते मी पैसे," ते म्हणाले. "नव्या नंबरच्या."

"हळू बोला."

"तिला नाय ऐकू येत. रोज विचारायचो मी त्याला. रोज एकच. पप्पा, बनायला टाकलाय, येईल. अन् गाडीवर फिरत होता जुनाच चष्मा घालून. थापा मारल्या गं भाड्यानं. शेवटच्या दिवशीबी मारली."

एका काचेवर श्रेयाच्या बोटाचा ठसा उमटला होता. मंजुषाबाईंनी तो पदरानं पुसला. काच उजेडात धरून बघितली. परत पुसली.

"थाप नव्हती," त्या म्हणाल्या. "टाकला होता की बनायला. हाच."



श्रेया आता दोन्ही हात पुढं करून चालायला लागली होती. हवेत काहीतरी धरत होती, सोडत होती.

"काका!" ती ओरडली, कानात आवाज चालू असला की माणूस ओरडतो तशी. "पुढं काही नाही ना? मला बाहेरचं काहीच दिसत नाहीये!"

साहेबराव ताडकन उठले. टीपॉय ओढून बाजूला केला. खुर्ची उचलली. खाली पडलेल्या चपलासुद्धा पायानं लांब सारल्या. मग तिच्या समोर जाऊन, भिंतीला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"नाय," ते म्हणाले. "काय नाय पुढं. ये."