चिरलेली सीडी

सीडीच्या मधल्या भोकापासून एक बारीक चीर निघाली होती. मंजुषानं ती खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा दिसली. तिनं सीडी पुन्हा पाकिटात सरकवली आणि उदगीरहून लातूरला मल्लिनाथला फोन लावला. मल्लिनाथ तिचा मावसभाऊ. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं.

सीडी मंजुषाच्या भावाच्या, संगमेश्वरच्या लग्नाची होती. चौदा वर्षांपूर्वीची. शूटिंगवाला कधीच दुकान गुंडाळून गेला होता आणि दुसरी प्रत कुणाकडंच नव्हती. आईच्या, महानंदाबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. स्वरयंत्र काढून टाकलं होतं. घरातल्या मोबाइलांत महानंदाबाईंचे शेकडो फोटो होते, पण त्यांचा आवाज एकातही नव्हता. दिवसभर बोलणाऱ्या बाईचं बोलणं साठवून ठेवावं, असं कुणाला सुचलंच नव्हतं.

मल्लिनाथनं आधी विचारलं, लावून बघितलीस का? नाही म्हटल्यावर म्हणाला, बरं केलंस. जुनी सीडी आधी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची, मग बघायची. चष्म्याच्या फडक्यानं मधून कडेकडं सरळ पूस, गोल पुसू नको. त्यानं तिच्याकडून एक फुकटचं सॉफ्टवेअर बसवून घेतलं, फिरण्याचा वेग सगळ्यात कमी ठेवायला लावला आणि एकेक फाइल उतरव म्हणाला.

"आतला आवाज बदलला की थांबव," तो म्हणाला. "चीर मधातून हाय. आतच तुकडे होतेत."

"तुझ्याकडं घेऊन येऊ का?"

"आण की. पण मी बी हेच करणार, मंजू. फुटायची ती माझ्याकडं बी फुटंल."

महानंदाबाई खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या. गळ्यावरच्या छिद्रावर जाळीचा रुमाल बांधलेला होता. त्यांचा श्वास तिथून जाता-येता ऐकू यायचा. मंजुषानं सीडी कॉम्प्युटरच्या खणात ठेवून आत ढकलली. खण तिला दोनदा बंद करावा लागला.

घरघर सुरू झाली. स्क्रीनवरची हिरवी पट्टी मुंगीसारखी सरकू लागली. पहिली फाइल अर्धी झाली आणि पट्टी थांबली. आतून टक्‌टक्‌ आवाज येऊ लागला. मग पट्टी पुन्हा सरकली, पुन्हा थांबली. थांबवलं आणि सीडी पुन्हा लागलीच नाही तर? नाही थांबवलं आणि फुटली तर? तिनं फोन हातात घेतला, खाली ठेवला. आवाज वाढत चालला तसा तिनं माउस धरला.

महानंदाबाईंनी तिचं मनगट पकडलं आणि मान हलवली. नको.

"आई, फुटंल ती."

त्यांनी पकड सोडली नाही. नजर स्क्रीनवर होती. रुमाल जोरजोरानं आत-बाहेर होत होता.

पहिली फाइल संपली. दुसरी सुरू झाली आणि थोड्याच वेळात डब्यात काठी मोडल्यासारखा कडाड आवाज झाला. दोघी मागं सरकल्या. मग काहीच नाही. घरघरही नाही.

मंजुषानं खण उघडला. आत चार तुकडे होते आणि चंदेरी चुरा. स्क्रीनकडं बघायचा तिला धीर होईना. शेवटी तिनं फोन करून सांगितलं. मल्लिनाथ म्हणाला, पहिली फाइल उतरली असंल तर ती उघडायच्या आधी पेनड्राइव्हवर टाक. दोन ठिकाणी झाली की मग बघ. तिनं तसं केलं. तेवढी पाच मिनिटं दोघींपैकी कुणी हललं नाही.

मग तिनं फाइल उघडली.

चित्र आलं, फाटलं, चौकोन चौकोन झालं, परत जुळलं. हेच अंगण, मांडव, पाटावर हळदीनं माखलेला संगमेश्वर. नुसता बँडचा कल्लोळ. मंजुषा पुढं वाकून ऐकत होती. बायकांच्या घोळक्यातून हिरवं लुगडं नेसलेली महानंदा पुढं आली आणि कॅमेऱ्यावर हात धरून म्हणाली, "माझं काय काढायलास, नवरदेवाचं काढ की." आवाज भरडा, चढा, जशाचा तसा. मग ती मागं वळली आणि तिनं हाक मारली, "सुमन! ए सुमन, ताट आण लौकर!"

भिंतीपलीकडं शेजारच्या सुमनबाई भांडी घासत होत्या.

"आले, ताई," त्या म्हणाल्या.

आणि मग हातातलं भांडं खाली पडून घरंगळत गेल्याचा आवाज आला.